दगडावरचे नाव आणि दप्तरातला ठराव : नाशिकच्या सार्वजनिक स्मारकांची नोंद कशी करावी

पंचवटीतील पलुस्कर सभागृह, भाभानगरमधील दादासाहेब गायकवाड सभागृह, गोदावरीवरील गाडगे महाराज पूल आणि अहिल्याबाई होळकर पूल, गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारक ही नावे नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यात पत्ता म्हणून येतात. प्रत्येक नावामागे एक व्यक्ती आहे आणि त्या व्यक्तीची आठवण शहरात कायम राहावी असा निर्णय घेणारी दुसरी माणसेही आहेत. पहिल्या व्यक्तीचे नाव आपल्याला फलकावर सापडते. निर्णय घेणाऱ्यांचे नाव मात्र ठरावात, इतिवृत्तात किंवा एखाद्या जुन्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते. स्मारकाची नोंद करताना या दोन्ही बाजू एकत्र लिहिल्या गेल्या पाहिजेत, अन्यथा हाती केवळ पुतळ्यांची यादी उरते. अशी नोंद एखादे ज्येष्ठ नागरिक मंडळ, वाचनालयाचे सभासद किंवा शाळेतील इतिहासाचे शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या प्रभागापुरती सहज करू शकतात. ती कशी करावी, हे येथे सविस्तर मांडले आहे.

आधी पांडवलेण्यांत जावे

कामाला सुरुवात करण्यापूर्वी सर्वांनी मिळून एकदा पांडवलेण्यांतील दहा क्रमांकाचे लेणे पाहावे, असा माझा आग्रह आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्या दानाची हकिकत तेथेच कोरून ठेवली. इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख आपल्या कामाचा उत्तम नमुना आहे, कारण दाता किती मोठा होता एवढे सांगून तो थांबत नाही. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हिशोब करून पाहिला तर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस येते आणि वीस भिक्षूंना बारा याप्रमाणे वाटप केल्यावर ते बरोबर पूर्ण होते. त्यापुढचे वाक्य तर प्रत्येक नाशिककराला ठाऊक असावे असे आहे: हे सर्व निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविण्यात आले.

म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या परिसरात नगराची सभा होती, त्या सभेचे दप्तर होते आणि सार्वजनिक दान सभेपुढे जाहीर करून दप्तरात चढविण्याची पद्धत होती. ते दप्तर आज उरलेले नाही. दगडाने त्याचा उल्लेख जपला म्हणून आपल्याला ते होते एवढे तरी कळते. आजच्या स्मारकांच्या बाबतीत परिस्थिती बहुधा उलट असते. दप्तर महापालिकेत असते, पण दगड त्याविषयी मौन पाळतो. दाता कोण, रक्कम किती, ती कोणाकडे, खर्च कशासाठी आणि निर्णय कोणत्या सभेत, हे पाच प्रश्न उषवदाताच्या लेखाने सोडवले आहेत. आपल्या नोंदवहीतील पाच रकाने हेच असावेत.

कोणाला नगरधुरीण म्हणावे

नाशिकची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली आणि शांतारामबापू वावरे शहराचे पहिले महापौर झाले. पदाधिकाऱ्यांची यादी कामाला घ्यावी, परंतु ती आपली सीमा मानू नये. या शहराचे सार्वजनिक जीवन घडविणाऱ्यांत नगराध्यक्षांइतकेच शिक्षणसंस्था उभारणारे, वाचनालय चालविणारे, मंदिरे आणि घाट बांधणारे आणि सत्याग्रहात मार खाणारे लोक आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले, म्हणजे ते नगरपालिकेपेक्षा चोवीस वर्षांनी जुने आहे. नागरिकांनी एकत्र येऊन शहरासाठी काही चालविण्याची सवय येथे पालिकेच्याही आधी रुजली होती.

शिक्षणसंस्थांची नावे विशेष काळजीने तपासावीत, कारण तेथे माणसे आद्याक्षरांत हरवतात. ‘केटीएचएम’ हा शब्द बसच्या कंडक्टरपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. त्यात कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे आणि अण्णासाहेब मुरकुटे अशी तीन माणसे आहेत. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांना अनुक्रमे त्यांची नावे दिलेली आहेत आणि हे महाविद्यालय ज्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे आहे, ती संस्था १९१४ पासून काम करीत आहे. ‘बीवायके’मध्ये भिकुसा यमासा क्षत्रिय यांचे नाव आहे, ‘एचपीटी’मध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे. नोंद करताना आद्याक्षरे सोडवून पूर्ण नाव लिहावे, आणि ती व्यक्ती देणगीदार होती, संस्थापक होती की कार्यकर्ती होती हेही लिहावे, कारण या तिन्हींचा शहराशी असलेला संबंध वेगवेगळा असतो.

शिळा आणि फलक वाचताना

प्रत्येक स्मारकाची किमान चार छायाचित्रे घ्यावीत: लांबून परिसरासह, समोरून, चौथऱ्याची आणि कोनशिलेवरील मजकुराची. झिजलेली अक्षरे सकाळी लवकर किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, दुपारी ती सपाट होतात. अक्षरांत खडू, कुंकू किंवा तैलरंग भरू नये आणि पांडवलेणी, सरकारवाडा अशा संरक्षित वास्तूंमध्ये दगडाला हातही लावू नये. मजकूर जसा आहे तसाच उतरवून घ्यावा. त्यातील अशुद्ध लेखन दुरुस्त करण्याचा मोह टाळावा, कारण त्या काळच्या लेखनाची साक्ष तेवढीच असते. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’ आणि ‘अध्यक्षस्थानी’ या ओळींतील नावेही सोडू नयेत, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत शिल्पकार, ठेकेदार किंवा अभियंता यांचे नाव असल्यास ते अवश्य घ्यावे. नेत्याचे नाव अन्यत्र सापडेल, शिल्पकाराचे कदाचित तेवढ्याच जागी असेल.

जुन्या देवळांवर आणि घाटांवर शके दिलेला असतो. शकात ७८ मिळविले की इसवीसन येते; पौष ते फाल्गुन या महिन्यांची तिथी असल्यास बहुधा ७९ मिळवावे लागतात. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी गोदाकाठी बांधलेले रामेश्वराचे देऊळ १७४७ सालचे मानले जाते, म्हणजे शके १६६९ च्या सुमाराचे. मोडी लिपीतील लेख असेल तर अंदाजाने वाचू नये; छायाचित्र मोडीच्या जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि वाचन करणाऱ्याचे नाव नोंदीत द्यावे.

गोदाघाटावर काम करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथील काही वास्तूंना बांधणाऱ्यांनी दिलेल्या अर्थाखेरीज लोकांनी दुसरा अर्थ दिलेला आहे. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, असे शहर विचारते, आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी पोचणे ही मोठ्या पुराची खूण समजली जाते. रामकुंडात महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले होते आणि तेथील गांधीज्योत त्या घटनेची आठवण ठेवते. तिच्याजवळून जाणारे बहुसंख्य लोक मात्र आपल्या घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेले असतात. असा लोकांनी दिलेला अर्थ नोंदवहीत स्वतंत्र रकान्यात लिहावा. तो कोनशिलेवर कधीच सापडणार नाही.

ठराव कोठे शोधावा

हा कामाचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. पहिला प्रश्न असा विचारावा की स्मारक ज्या जागेवर आहे ती जागा निर्णय झाला तेव्हा कोणाच्या अखत्यारीत होती. आजच्या महापालिकेत नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या पूर्वीच्या स्वतंत्र नगरपालिका विलीन झालेल्या आहेत. म्हणून नाशिकरोडच्या एखाद्या चौकाचे १९८२ पूर्वीचे नामकरण नाशिक नगरपालिकेच्या इतिवृत्तात शोधणे व्यर्थ आहे. भगूरची नगरपालिका आजही वेगळी आहे आणि देवळाली कॅम्पचा कारभार छावणी मंडळाकडे राहिलेला आहे. पांडवलेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, सरकारवाडा आणि भगूर येथील सावरकरांचे जन्मस्थान राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर अनेक पुतळे आणि सभागृहे शिक्षणसंस्थांच्या किंवा विश्वस्त संस्थांच्या मालकीची आहेत. मालक कोण हे ठरले की दप्तर कोठे असेल हे आपोआप कळते.

महापालिकेच्या जागेवरील स्मारकासाठी नगरसचिव विभागाकडे जावे, कारण महासभेची इतिवृत्ते तेथे असतात. स्मारकाच्या बांधकामाचा खर्च, निविदा आणि देखभाल यांची कागदपत्रे बांधकाम विभागाकडे किंवा संबंधित विभागीय कार्यालयाकडे मिळतात. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. प्रथम साधा विनंतीअर्ज द्यावा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते, आणि जुन्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला आपला हेतू समजला तर तो न मागितलेली माहितीही दाखवितो.

तसे न झाल्यास माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, प्रतींसाठी प्रतिपृष्ठ दोन रुपये लागतात, एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा असा नियम आहे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास प्रथम अपील करता येते. अर्जाची भाषा नेमकी ठेवावी. ‘या पुतळ्याची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तर मोघम येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक चौकातील अमुक यांचा पुतळा उभारण्यास मंजुरी देणाऱ्या महासभेच्या ठरावाची, ठराव क्रमांक व दिनांकासह प्रमाणित प्रत मिळावी.’ कोनशिलेवरील अनावरणाचा दिनांक ठाऊक असल्यास त्याआधीच्या तीन वर्षांचा कालावधी अर्जात द्यावा, म्हणजे शोधणाऱ्याचेही काम हलके होते.

ठराव हाती आला की तो केवळ जोडून ठेवू नये, वाचावा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध झाला होता का, एखादी उपसूचना फेटाळली गेली का, मूळ प्रस्तावात जागा दुसरी होती का, हे सर्व त्यात दिसते. सूचक-अनुमोदकांची नावे ही माझ्या मते नाशिकच्या नागरी इतिहासातील सर्वांत उपेक्षित नावे आहेत, कारण शहराने कोणाला आठवावे हे त्यांनी ठरविले आणि स्वतः मात्र कोठेही कोरले गेले नाहीत.

ठराव सापडत नसेल तर सार्वजनिक वाचनालयाकडे वळावे. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ या नाशिकच्या दैनिकांच्या जुन्या अंकांत अनावरणाचे वृत्त मिळू शकते. शोध अनावरणाच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकापासून सुरू करावा आणि जयंती-पुण्यतिथीचे अंकही चाळावेत. त्याहून जुन्या गोष्टींसाठी १८८३ सालचे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर उपयोगी आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते लिहिलेले असल्याने त्यातील मतांपेक्षा त्यातील वास्तूंची वर्णने अधिक भरवशाची आहेत. वडीलधाऱ्यांच्या आठवणी घ्याव्यात, परंतु कोणी, केव्हा सांगितले हे लिहून त्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि कागदाशी त्यांचा मेळ बसला नाही तर दोन्ही तशाच नोंदवाव्यात.

दोन नोंदी कशा लिहाव्यात

काळाराम मंदिराची नोंद घेऊ. वास्तू अठराव्या शतकातील असून सरदार रंगराव ओढेकर यांनी ती बांधली, एवढे लिहून बहुतेक माहितीपत्रके थांबतात. सार्वजनिक स्मृतीच्या दृष्टीने या जागेचा खरा दिनांक २ मार्च १९३० हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला, मंदिराची दारे बंद ठेवण्यात आली, त्याच वर्षीच्या रामनवमीला रथावरून संघर्ष झाला आणि लढा काही वर्षे चालू राहिला. तो स्थानिक पातळीवर ज्यांनी तोलून धरला ते भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा. पुढे ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, राज्यसभेत बसले, भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, १९६८ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झाले आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. भाभानगरमधील सभागृहाची नोंद करताना काळाराम मंदिराच्या नोंदीकडे निर्देश केला पाहिजे, आणि मंदिराच्या नोंदीतून सभागृहाकडे. हेच गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकालाही लागू आहे, कारण तरुण शिरवाडकर काळाराम सत्याग्रहात सहभागी झाले होते. शहराच्या तीन टोकांना असलेल्या या तीन वास्तू एका घटनेने जोडलेल्या आहेत आणि हे नाते नोंदवहीखेरीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीखाली ‘संबंधित स्मारके’ असा रकाना ठेवावा.

दुसरे उदाहरण हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचे. लोक त्याला अजूनही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. दोन्ही नावे लिहावीत, कारण पुढच्या पिढीला जुन्या वृत्तांतातील जागा ओळखायची असेल तर लोकांच्या तोंडचे नावच उपयोगी पडेल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांच्यासह कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांनाही फाशी देण्यात आले. मैदानाला एकाचे नाव आहे. नोंदीत तिघांची नावे यावीत. घटना जेथे घडली ते नाट्यगृह, आणि स्मृती जेथे ठेवली ते मैदान, या दोन वेगळ्या जागा आहेत, हेही स्पष्ट लिहावे. चित्रमहर्षी दादासाहेब फाळके यांच्या बाबतीतही असेच आहे: जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी, मृत्यू १९४४ मध्ये नाशिकमध्ये, आणि स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी.

नवे स्मारक सुचवायचे असल्यास

नोंद करताना एखाद्या विसरलेल्या व्यक्तीचे नाव पुढे येते आणि पुतळ्याची मागणी करावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३ च्या आदेशानंतर सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि वाहतुकीच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देता येत नाही. अन्य जागेवर पुतळा उभारायचा असला तरी जागेची मालकी, पोलिसांचे आणि जिल्हा प्रशासनाचे अभिप्राय, मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता आणि देखभालीची हमी अशी बरीच पूर्तता लागते. माझे मत असे की पुतळ्याआधी फलकाची मागणी करावी. ज्या वाड्यात, शाळेत किंवा गल्लीत त्या व्यक्तीने काम केले, तेथेच पाच ओळींचा, दिनांकांसह, शुद्ध मराठीतील फलक मालकाच्या संमतीने लावणे कमी खर्चाचे आहे, आणि वाचणाऱ्याला त्यातून अधिक कळते. मजकूर लिहिताना ‘थोर’, ‘महान’, ‘आदरणीय’ ही विशेषणे वगळून तेवढ्या जागेत त्या व्यक्तीने केलेले एक नेमके काम लिहावे, आणि खाली कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने फलक लावला हे द्यावे.

नोंदवही कोठे ठेवावी

तयार झालेली नोंदवही छापील स्वरूपात किमान तीन ठिकाणी द्यावी: सार्वजनिक वाचनालयात, संबंधित विभागीय कार्यालयात आणि प्रभागातील एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात. संगणकावरील प्रत आणि छायाचित्रे वेगळी जपावीत, प्रत्येक छायाचित्राच्या नावात स्थळ आणि दिनांक असावा. माहिती देणाऱ्या खासगी व्यक्तींचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक प्रतीत देऊ नयेत. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेवटच्या पाहणीचा दिनांक, पाहणी करणाऱ्याचे नाव आणि फलकाची अवस्था लिहावी.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहरात रस्ते रुंद होतात, घाटांची कामे निघतात, चौकांची रचना बदलते, आणि याच काळात कोनशिला हलविल्या जातात. त्यामुळे गोदाघाट, पंचवटी आणि साधुग्रामच्या (कुंभमेळ्यातील साधूंच्या वस्तीच्या) वाटेवरील चौक यांची छायाचित्रे कामे सुरू होण्यापूर्वी घ्यावीत. सिंहस्थ आटोपल्यावर तीच यादी घेऊन पुन्हा फिरावे, आणि जी कोनशिला जागेवर नसेल तिच्यासाठी आधीचे छायाचित्र आणि ठरावाची प्रत जोडून ती पूर्ववत बसविण्याचा लेखी अर्ज विभागीय कार्यालयात द्यावा व त्याची पोच नोंदवहीत चिकटवावी.